किल्ल्या आणि पंचा

नोकरीच्या दिवसांत माझ्या कमरेला सात किल्ल्या असत. औषधांचे कपाट, नशेच्या इंजेक्शनांचे दुहेरी कुलपाचे कपाट, चादरी-ब्लँकेटांचे स्टोअर, फ्रीज, ड्यूटी रूम, ड्रेसिंगचे सामान. सातवी कशाची हे कुणालाच ठाऊक नव्हते. चार्जच्या यादीत तिचे नाव होते, म्हणून एका सिस्टरकडून दुसरीकडे ती सहीनिशी जात राहिली. निवृत्त होताना मीही ती पुढच्या मुलीच्या हातात ठेवली. तिने विचारले, ही कशाची? मी म्हटले, विचारू नकोस, फक्त हरवू नकोस.

जबलपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात मी अडतीस वर्षे काढली, त्यातली शेवटची बरीचशी 'सिस्टर इन-चार्ज' म्हणून. रुग्णालयाचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्याच्यापेक्षा माझ्याबद्दल जास्त आहे. 'सिस्टर' हा शब्द मठातल्या जोगिणींकडून इस्पितळात आला, म्हणजे नात्याचा शब्द. वॉर्डात मात्र तो हुद्दा होता. 'सिस्टर आ रही हैं' असे कुणी म्हटले की वॉर्डबॉय बिडी विझवत.

आमच्या घराण्यात किल्ल्या तशा नव्याच. पणजोबा नगर जिल्ह्यातले, गावकुसाबाहेरचे. त्यांच्या हयातीत दुसऱ्याच्या घराला लागलेली किल्ली त्यांनी लांबूनही पाहिली नसेल. ते ख्रिस्ती झाले, पोरांना शाळा मिळाली आणि आजोबा गन कॅरेज फॅक्टरीत फिटर म्हणून इकडे आले. ही फॅक्टरी १९०४ सालची. जबलपुरात मराठी तशी त्याआधीचीच, १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. आमच्या घरात आजही मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि प्रार्थना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत. आजी म्हणायची, ज्याच्या सात पिढ्यांना किल्ली मिळाली नाही त्याला ती मिळाली की तो आधी कुलूप घट्ट लावतो. तिला ते कुणाबद्दल म्हणायचे असे, मला ठाऊक नाही. मला ते माझ्याबद्दलच वाटते.

१९८५ च्या आसपासची गोष्ट. मी नुकतीच इन-चार्ज झाले होते. जानेवारीचा महिना होता, आणि नर्मदेकाठची ती ओली थंडी जबलपूरकरांनाच कळते. वॉर्डात जुनी लाल ब्लँकेटे होती, विरलेली, मध्ये भोके पडलेली. नवी तीस आलेली होती, पण ती स्टोअरमध्ये होती आणि स्टोअरची किल्ली माझ्या कमरेला. दोन दिवसांनी वरिष्ठांची पाहणी होणार होती. नवी ब्लँकेटे पाहणीच्या सकाळी पसरायची, अशी रीत. त्याआधी काढली तर डाग पडतील, एखादे नाहीसे होईल.

नाहीसे झाले तर काय होते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. वॉर्डातली प्रत्येक चादर इन-चार्जच्या नावावर असते. फाटली तरी फेकता येत नाही, चिंधी जपून ठेवायची, वर्षाकाठी समितीपुढे मोजून दाखवायची, समितीने 'कंडम' लिहिले की मगच ती रजिस्टरातून उतरते. चिंधी दाखवता आली नाही तर पगारातून वसुली. म्हणून सिस्टर चादरी पेशंटला घालण्यापेक्षा मोजते जास्त. अधिकार माणसाला उर्मट करतो असे म्हणतात. मी जेवढे पाहिले त्यात तो आधी घाबरट करतो. उर्मटपणा त्या भीतीवर चढवलेला इस्त्रीचा युनिफॉर्म असतो.

त्या रात्री मंडला जिल्ह्यातला एक गोंड म्हातारा न्यूमोनियाने दाखल होता. राउंडला गेले तेव्हा आया म्हणाली, "सिस्टर, बाबा को बहुत ठंड लग रही है. नया वाला एक निकाल दो." मी म्हटले, "परसों." ती काही बोलली नाही. अंगावरची शाल काढली, म्हाताऱ्यावर घातली, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळला आणि उरलेली रात्र तशीच काम करत राहिली. पाहणीचे साहेब तिसऱ्या दिवशी आले, दोन मिनिटे वॉर्डात होते, फिनाईल कमी पडते का एवढे विचारून गेले. ब्लँकेटांकडे त्यांनी पाहिलेही नाही. म्हातारा नवव्या दिवशी घरी गेला. जाताना त्याने शाल घडी करून आयाच्या हातात दिली, आणि नमस्कार मात्र मला केला. ती त्याला घरच्यासारखी होती, मी सरकार.

त्या आठवड्यात रविवारी उपासनेला नेमका मार्काच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय वाचला गेला. योगायोगच, आमच्या वाचनांची यादी वर्षभर आधी ठरलेली असते. यरुशलेमच्या वाटेवर याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूला गाठून म्हणतात, तुझे राज्य आले की आम्हाला तुझ्या उजव्या-डाव्या हाताला बसव. बाकीचे दहाजण रागावतात. त्यांचा राग तत्त्वाचा होता असे मला कधीच वाटले नाही. अर्ज त्यांच्याआधी गेला म्हणून ते चिडले असावेत. येशू सगळ्यांना जवळ बोलावून सांगतो की जगातले सत्ताधारी लोकांवर हुकमत गाजवतात, तुमच्यात ज्याला मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, पहिले व्हायचे असेल त्याने सगळ्यांचा दास व्हावे.

हे वचन शंभरदा ऐकले होते. त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आले की कुणी पहिले होऊच नये, असे तो म्हणत नाही. जागा रद्द होत नाही. जागेवरच्या माणसाने काय करायचे ते बदलते. तिथे सेवक म्हणून जो ग्रीक शब्द आहे, 'डायकोनॉस', तो साधा आहे: पंगतीत वाढणारा, निरोप घेऊन धावणारा, कुणाच्या कामावर असलेला माणूस. त्यावरूनच पुढे चर्चमध्ये 'डीकन' हे पद आले. आमच्याकडे पाळक व्हायचे असेल तर आधी डीकनची दीक्षा घ्यावी लागते, आणि बिशप झाला तरी ती पहिली दीक्षा पुसली जात नाही. म्हणजे झग्याखाली वाढपी कायम असतो, किंवा असायला हवा. लॅटिनमधली जोडी तर आणखी बोलकी आहे. 'मॅजिस्टर' म्हणजे जो अधिक तो, ज्यावरून इंग्रजीतला मास्टर आला. 'मिनिस्टर' म्हणजे जो उणा तो, हाताखालचा, चाकर. भोपाळमध्ये मंत्र्याच्या गाडीतून उतरणाऱ्या कुणालाही हे कुणी सांगितलेले नाही.

पुण्याच्या एका कंपनीत असलेला माझा भाचा सांगतो की त्यांच्या ट्रेनिंगमध्ये हे सगळे 'सर्व्हंट लीडरशिप' नावाने शिकवतात. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७० मध्ये त्यावर निबंध लिहिला, तो आयुष्यभर टेलिफोन कंपनीत नोकरी केलेला माणूस होता. भाच्याच्या कंपनीत त्यानंतर काय बदलले, असे मी विचारले. तो म्हणाला, मॅनेजर आता आपला कॉफीचा कप स्वतः धुतो.

तीच तर गोम आहे. कप धुणे सोपे असते. पाय धुणेही सोपे असते, निदान आमच्या चर्चमध्ये तरी. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पाळक बारा जणांचे पाय धुतात. योहानाच्या तेराव्या अध्यायात आहे तसे: शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठला, वरचे वस्त्र काढले, कमरेला पंचा बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. आमच्याकडे वेदीपुढे बारा खुर्च्या मांडतात, स्टीलचे घंगाळ आणि नवा टॉवेल असतो. एका वर्षी त्या बारांत माझे नाव होते. आदल्या रात्री मी वज्रीने टाचा घासून घासून लाल केल्या. शेजारी बसलेल्या निवृत्त रेल्वे गार्डांच्या पायांना तर अत्तराचा वास येत होता. बाराही जण धुतलेले पाय धुऊन घ्यायला आलो होतो. पाळकांच्या टॉवेलला डाग म्हणून लागला नाही.

आपल्याकडे पाय धुणे हे काही नवलाचे नाही, आणि म्हणूनच त्या प्रसंगातला धक्का आपल्याला सहज कळायला हवा. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो. गुरूचे पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून घेतात. पाणी नेहमी खालून वर चढते: देणारा खालचा, पाय असलेला वरचा. माझ्या पणजोबांच्या पायांना तर कुणी पाणी घालणे दूरच, त्यांच्या पायांनी पाणी बाटते अशी समजूत होती. योहान ती उतरंड उलटी करतो. आणि एक बारीक गोष्ट आवर्जून सांगतो: पित्याने सारे काही आपल्या हाती दिले आहे, हे ओळखून येशू उठला. आपल्याजवळ काहीच नाही म्हणून नव्हे. सगळ्या किल्ल्या कमरेला असताना त्याने पंचा बांधला. धुऊन झाल्यावर पुन्हा वस्त्र घातले, जागेवर बसला, आणि तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, असेही म्हणाला. त्याने राजीनामा दिला नाही. ज्यांचे पाय धुतले त्यांत थोड्याच वेळात त्याला पकडून देणारा यहूदाही होता. त्याच्यासाठी पाणी निराळे नव्हते.

२०१३ मध्ये पोप फ्रान्सिस नवे नवे निवडून आले होते. त्यांनी त्या गुरुवारी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. कॅथलिकांच्या नियमात तेव्हा पुरुषांचेच पाय होते. नियम २०१६ मध्ये बदलला. ते छायाचित्र मी कापून ठेवले आहे. तरी माझ्या मनात एक इन-चार्जची शंका येते: त्या मुलांच्या कोठडीची ब्लँकेटे कुणाच्या किल्लीत होती?

कारण सेवेचा खरा कस किल्लीपाशी लागतो, आणि माझ्या माहितीतल्या मराठी ख्रिस्ती माणसांत हे पंडिता रमाबाईंइतके कुणाला कळले नसेल. शाळेत त्यांची गोष्ट 'अनाथांची आई' अशा गोड साच्यात सांगतात. त्या गोड अजिबात नव्हत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई दोघेही १८७४ साली उपासमारीने गेले, तेव्हा ही मुलगी सोळा वर्षांची. चार वर्षांनी कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' ही पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमला होत्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विषय निघाला आणि हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी आपल्या धर्मभगिनींना ताठ पत्रे लिहिली. एका धर्माच्या पुरोहितांचे जोखड उतरवून दुसऱ्याचे घ्यायला आपण आलेलो नाही, असा त्यांचा रोख. चर्चमधल्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकवणे म्हणजे नम्रता नव्हे, हे त्यांनी नव्या धर्मात पाऊल टाकताक्षणीच सांगून टाकले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. जबलपूर तेव्हा ज्या मध्य प्रांतात होते तिथे तो फार भीषण होता. १९०१ च्या जनगणनेत जबलपूर जिल्ह्यात सुमारे ६ लाख ८० हजार माणसे मोजली गेली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा ९ टक्के कमी. रमाबाई पुण्याहून या प्रांतात आल्या. स्वतःच्या आईबापांची उपासमार त्यांनी पाहिलेली होती, त्यामुळे मदतछावण्यांमध्ये काय पाहायचे हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. धान्य वाटणाऱ्या, रजिस्टर लिहिणाऱ्या, छावणीची दारे उघडणाऱ्या माणसांच्या हातात निराधार मुलींचे काय होते ते त्यांनी पाहिले आणि लिहिले. तीनेकशे मुली त्यांनी इथून नेल्या. १८९७ मध्येच पुण्यात प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसे वागवतात याबद्दल त्यांनी मुंबईच्या वृत्तपत्रात उघड पत्र लिहिले, गव्हर्नरांना ते झोंबले. केडगावच्या शेतावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या घरात मुली-बायका होत्या. दोन हजार माणसांचे जेवण, पाणी, आजारपण! मी बत्तीस खाटांवर थकत होते. अशा जागी अधिकार नको म्हणून चालत नाही, कुणीतरी कोठाराची किल्ली ठेवावीच लागते.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती मात्र त्यांची शेवटची कामगिरी. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. संस्कृतावर एवढी हुकमत असलेल्या बाईने मुद्दाम संस्कृत टाळले, खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी निवडली. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवून ते छापले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. पंडितांनी 'पंडिता' म्हटलेल्या बाईने पांडित्याचे कपाट असे उघडून ठेवले. आजीकडे त्याची प्रत होती. शिष्टमंडळी ती भाषा ओबडधोबड आहे म्हणत. आजीला ती कळे, एवढे तिला पुरे होते.

माझे कपाट उघडायला भूकंप यावा लागला. २२ मे १९९७, पहाटे सव्वाचारचा सुमार. जबलपूरकर त्या दिवसांत गच्चीवर, अंगणात झोपतात, म्हणून पुष्कळ जण वाचले. तरी जिल्ह्यात तीसहून अधिक माणसे गेली, कोसमघाटच्या बाजूची मातीची घरे बसली. मी आवारातल्या क्वार्टरमध्ये होते. वॉर्डात पोचेपर्यंत आयाने अर्धे पेशंट बाहेर काढलेले होते, कुणाला चादरीत धरून, कुणाला पाठीवर. तीच आया. भिंतीला तिरपी चीर गेली होती आणि वर कुणी राहायचे नाही असे ठरले. कडुनिंबांखाली माती, वर चाळीस अंशांचा दिवस उगवणार. मी स्टोअर उघडले. असेल नसेल ते बाहेर फेकले, नवे, जुने, पाहणीचे. रजिस्टर आत राहिले. आया एकेकीला, एकेकाला कामे सांगत होती आणि मलाही सांगितले, "सिस्टर, उधर दो बेडपैन हैं, उठा लो." मी उचलले. त्या दिवशी वॉर्ड तिने चालवला. माझा उपयोग एवढाच झाला की किल्ली माझ्याजवळ होती आणि सही माझी चालत होती.

मोजणी झाली तेव्हा अकरा ब्लँकेटे आणि एकोणीस चादरी कमी भरल्या. मी खुलासा लिहिला, पगारातून घ्या असेही लिहिले. तीन आठवड्यांनी दोन चादरी परत आल्या, धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून कुणीतरी ड्यूटी रूमच्या दारात ठेवल्या होत्या.

एक अप्रिय गोष्ट सांगितली नाही तर जबलपूरकर वाचक मला ढोंगी म्हणतील. सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच शहरातल्या एका उच्च धर्माधिकाऱ्याच्या घरावर आर्थिक गुन्ह्यांच्या पथकाचा छापा पडला, दीड कोटीहून जास्त रोकड सापडल्याच्या बातम्या आल्या. आरोप शाळांच्या पैशांबाबत आहेत, खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण त्या आठवड्यात भाजीवालीपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी मला विचारले. मी काय सांगणार? त्या वर्षीपासून आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत लोक पावत्या मागतात. पूर्वी पाळकसाहेबांना हिशेब विचारणे म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे मानत. कमिटीने हिशेबाचे काम माझ्याकडे दिले, अडतीस वर्षे चादरी मोजल्या म्हणून. मी दर महिन्याला जमाखर्च दाराशी लावते, मेणबत्त्यांपासून विजेच्या बिलापर्यंत. पहिल्या महिन्यात तीन जणांनी वाचला. आता पोरे मोबाईलवर फोटो काढून नेतात आणि फोन करून विचारतात, आंटी, फुलांना एवढे कसे लागले? राग येतो. सांगते.

आया माझ्या एक वर्ष आधी निवृत्त झाली. रांझीला मुलाकडे असते. मधुमेहाने तिच्या उजव्या पायाला जखम झाली आहे, भरते, पुन्हा उघडते. दर मंगळवारी मी ड्रेसिंगला जाते. पहिल्या दिवशी तिने पाय ओढून घेतला होता. "आप नहीं, सिस्टर. बहू कर देगी." पेत्रानेही असेच केले होते, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीस म्हणून, मला ते आठवले, तिला सांगितले नाही. सुनेला घाण वाटते, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. मी चटईवर बसले आणि पाय मांडीवर घेतला. टाचेला खोल भेगा आहेत, त्यांत काळी माती बसली आहे. ती काढायला वेळ लागतो.

आता ती सरावली आहे, हुकूम सोडते. पट्टी सैल झाली, बोटांच्या मध्ये नीट पुसा, आज घाईत आहात का. गेल्या मंगळवारी म्हणाली, पाणी जरा गरम करा, थंडी आहे. मी नाही म्हटले. तिच्या पायाला चटका कळत नाही. ती चिडली, मुलाला हाक मारली, तक्रार केली. मी कोपर बुडवून पाणी पाहिले, कोमट होते, आणि तिचा पाय तेवढ्यातच धुतला.